स्क्रीनवर साडेछत्तीस

मावशी भित्री होती आणि ते तिने कधी लपवलं नाही. घरातून निघताना ती गॅसचं बटण बघायची, कुलूप लावायची, कुलूप ओढून बघायची, जिना उतरायची आणि अर्ध्यावरून परत वर यायची.

"बघितलंस की आत्ता," आम्ही वैतागायचो.

"डोळ्यांनी बघितलं. हाताने कुठे बघितलं?"

आई आजारात गेली तेव्हा मला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, आणि ताईला माझी नाडी बांधून देताना स्वतःचं रडू आवरता येत नव्हतं. मावशी एक पिशवी आणि एक सोल्डरिंगची पेटी घेऊन आमच्याकडे राहायला आली, ती राहिलीच. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एवढी भीती घेऊन एकटीने राहता येतं. दोघांत वाटली तर त्याचाही जीव जाईल."

तिचं काम मात्र भित्र्या माणसाने कधी पत्करू नये असं होतं. लहान दवाखान्यांची यंत्रं ती दुरुस्त करायची. रक्तदाब मोजणारी, वाफ देणारी, बाळांचं वजन करणारी, सलाइनचे थेंब मोजून सोडणारी. बहुतेक यंत्रांच्या कंपन्या कधीच बंद पडलेल्या असायच्या किंवा फोन उचलायच्या नाहीत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या गाळ्यामागे तिची एक खोली होती. भिंतीला चिकटून लांब टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे केलेले खण, आणि सोल्डरिंगच्या राळेचा तो गोडसर जळका वास, जो तिच्या केसांतून रविवारीही जायचा नाही. लिफ्टवाले काका येता-जाता दारात टेकायचे. "बाई, तुमची यंत्रं छोटी आणि भीती मोठी. माझं नेमकं उलटं."

"म्हणूनच मी तुमच्या लिफ्टमधून जात नाही," मावशी मान वर न करता म्हणायची.

शाळा सुटल्यावर मी तिच्या खोलीत जाऊन बसायची. तिने हातातलं काम न थांबवता मला कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्यातली एक मला अजून लख्ख आठवते. चिपच्या पोटातली स्मरणशक्ती कशी असते ते ती सांगत होती. यंत्राने काय करायचं, केव्हा करायचं, केव्हा ओरडायचं, हे सगळं त्या नखाएवढ्या चिपच्या आतच लिहून ठेवलेलं असतं. त्याला फ्लॅश म्हणतात. वीज गेली तरी ते लिहिलेलं जात नाही. पण ते बदलायचं म्हटलं तर एकच अक्षर खोडून त्याजागी दुसरं लिहिता येत नाही.

"त्याची पानं असतात. एक अक्षर बदलायचं असेल तरी अख्खं पान पुसावं लागतं आणि मग अख्खं पान परत लिहावं लागतं."

"मग त्यात काय?"

"पुसून झालंय आणि लिहून व्हायचंय, असा मध्ये एक क्षण असतो. तेवढा वेळ त्या यंत्राला आपण कोण आहोत हेच माहीत नसतं. नेमकी तेव्हा वीज गेली, वायर सैल झाली, कोणाचा धक्का लागला, की संपलं."

ती हे सांगत असताना लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. पट्टी पुरी होईपर्यंत मावशी श्वास घेत नसे. तिच्याबरोबर मीही घेत नसे. पट्टी भरली की ती आधी डोळे मिटायची, मग चहा मागवायची.

आमच्या भागात एक छोटं प्रसूतिगृह होतं. तिथे नवजात बाळांना ऊब देणारी दोन यंत्रं होती. वर तापणारा दांडा, खाली पारदर्शक भिंतींचा पाळणा, आणि एक बारीक वायर, जिचं बटणाएवढं टोक बाळाच्या पोटावर चिकटवायचं. ते टोक बाळाचं तापमान वाचतं आणि यंत्र त्याप्रमाणे वरची ऊब कमी-जास्त करतं. थोडक्यात, बाळाला किती ऊब लागते ते यंत्र स्वतः ठरवतं, आणि माणसं स्क्रीनवरचा आकडा बघून निश्चिंत राहतात.

ताईला दिवस गेले होते त्या उन्हाळ्यात वीज सारखी जात-येत होती. एकदा आली ती अशी दणक्यात, की दोन्हींपैकी खिडकीजवळचं यंत्र जागच्या जागी गोठलं. स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा. मोठ्या सिस्टरनी, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या नर्सबाईंनी, मावशीला फोन केला. दुसरं यंत्र त्याच कंपनीचं, त्याच घडणीचं आणि चालू होतं. ते रिकामं असताना मावशीने त्याच्या चिपमधलं सगळं वाचून आपल्या लॅपटॉपवर घेतलं. मग बंद पडलेलं यंत्र खोलीवर आणलं. त्याची चिप वाचून बघितली तर मधली पानं पार विसकटलेली होती. मावशीने ती चिप पूर्ण पुसली आणि दुसऱ्या यंत्रातलं सगळं जसंच्या तसं तिच्यात लिहिलं.

मी त्या दिवशी तिथेच होते. पट्टी सरकली, भरली, आणि यंत्राने एक बारीकशी शीळ घातली. स्क्रीन उजळली. मावशीने वायरचं टोक मुठीत धरलं. आकडा चढत गेला, चौतीस, पस्तीस, आणि छत्तिसाच्या अलीकडे थांबला. तिने मूठ सोडली, आकडा उतरला. वायर यंत्रातून उपसून काढली, यंत्र ओरडायला लागलं, जसं ओरडायला हवं तसंच.

"जिवंत झालं," ती म्हणाली. त्या दिवशी ती जिन्यावरून परत वर आली नाही. मला वाटतं, मी तिला इतकी बिनघोर फार कमी वेळा पाहिली असेल.

ताईचे दिवस भरायला अजून पुष्कळ अवकाश होता. पण एका सकाळी भावजींचा फोन आला. त्यांच्या आवाजात शब्द कमी आणि श्वास जास्त होता. मी प्रसूतिगृहात पोचले तेव्हा बाळ झालेलं होतं. मुलगी. एवढीशी, की तिच्या बोटांना नखं आहेत हे बघून मला आश्चर्य वाटलं. ती खिडकीजवळच्या यंत्रात पाठ टेकून पडली होती, आणि तिच्या पोटावर ते बटणाएवढं टोक तिच्या तळहाताहून मोठं दिसत होतं.

"घाबरायचं काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वजन कमी आहे, ऊब सांभाळायची, एवढंच."

मावशी आली नाही. नवजात बाळांची तिला दहशत होती. "मला ती यंत्रासारखी उघडून बघता येत नाहीत," ती म्हणायची. पण तिने फोनवर फोन केले. बाळ रडतं का? दूध पितं का? रंग कसा आहे? ताई कंटाळून म्हणाली, "मावशीला सांग, बाळाचा रंग बाळासारखा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात थोडी कुजबुज सुरू झाली. बाळाचं अंग तापलं होतं. तळपाय लालबुंद झाले होते आणि ते दूध ओढेनासं झालं होतं. मोठ्या सिस्टरनी काखेत थर्मामीटर लावला, त्याने अडतीस दाखवलं. पुन्हा लावला, पुन्हा अडतीस. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर साडेछत्तीस होतं. सकाळपासून साडेछत्तीसच होतं, जरासुद्धा हललेलं नव्हतं.

"थर्मामीटरच म्हातारा झालाय माझ्यासारखा," त्या म्हणाल्या. तरी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बाळाच्या अंगाला हात लावला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. जंतुसंसर्ग असेल, त्या म्हणाल्या. रक्त तपासायचं, आणि अहवालाची वाट न बघता औषध सुरू करायचं. एवढ्याशा हातात सुई कुठे घालायची ते त्या शोधत होत्या, तेव्हा ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी बाहेर येऊन मावशीला फोन लावला. बाळ तापलंय हे सांगितलं, पण तिने घाबरू नये म्हणून वरून म्हटलं, "अगं, पण थर्मामीटरचाही भरवसा नाही. स्क्रीनवर साडेछत्तीसच दिसतंय. आणि ते यंत्र तर तुझ्या हातचं."

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन तुटला.

"मावशी?"

"कुठलं यंत्र?"

"खिडकीजवळचं. तू दुरुस्त केलेलं."

मग तिचा आवाज आला, पण तो मी ओळखला नसता. "बाळाला त्याच्यातून काढ. आत्ता. कोणी काही म्हणू दे, काढायला लाव. मी निघाले."

मी दारातच उभी राहिले. मी काय सांगणार होते, आणि कोणाला? आत डॉक्टरबाई होत्या, सिस्टर होत्या, यंत्र होतं, आणि त्या यंत्रावर हिरव्या आकड्यांत सगळं ठीक असल्याचं लिहिलेलं होतं. तरी मी आत गेले आणि मला जे ऐकू आलं तेच सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान वर केली. "कोण म्हणालं काढा?"

"ज्यांनी दुरुस्त केलं त्या."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हातातली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. बाळाला ताईच्या उघड्या छातीवर आडवं ठेवलं, वरून हलकं पांघरूण घातलं. "थोडा वेळ आईची ऊब चालेल," त्या म्हणाल्या. "पण थोडाच वेळ. दुसरं यंत्र रिकामं नाही."

मावशी आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्या पायात घरातली सपात. जिना चढून तिला धाप लागली होती. भावजींनी तिला व्हरांड्यातच गाठलं.

"मावशी, काय झालंय?"

तिने भिंतीला हात टेकला. "प्रत्येक यंत्राचं ते टोक थोडं थोडं चुकतं, जावईबापू. कोणतंच अगदी बरोबर नसतं. कारखान्यात प्रत्येक यंत्र खऱ्या थर्मामीटरशी ताडून बघतात, आणि ते किती चुकतं तो फरक त्याच्याच चिपवर शेवटच्या पानात लिहून ठेवतात. त्या फरकामुळे यंत्र खरं बोलतं. ह्याची मधली पानं बिघडलेली होती. शेवटचं पान धडधाकट होतं. मी सगळंच पुसलं. त्याच्याजागी दुसऱ्याचा फरक लिहिला." ती थांबली. "एकाचा चष्मा काढून दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढवला. आणि तो रस्ता दाखवतोय म्हणून खूश झाले."

"म्हणजे बाळाला ताप..."

"स्क्रीन साडेछत्तीस म्हणतेय तेव्हा खरं किती असेल कोणास ठाऊक. यंत्राला वाटतंय बाळ गार पडतंय, म्हणून ते भाजत सुटलंय."

भावजींनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "मग आत जा आणि गुपचूप नीट करून टाका ना. तपासणीला आलात म्हणा. उगाच सगळ्यांसमोर कशाला... तुम्हाला परत काम कोण देईल?"

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. "गुपचूप केलं तर ते ताप शोधत बसतील. त्या हातात सुया घालत बसतील. हा ताप कुठून आला ते त्यांना कळलंच पाहिजे." आणि मग, अगदी हळू, "मला आत जायची भीती वाटतेय. हात धरा."

भावजींनी तिचा हात धरून तिला आत नेलं.

तिने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टरबाईंचा चेहरा ऐकता ऐकता पांढरा पडला आणि मग लाल झाला. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय सांगताय?"

"कळतंय म्हणूनच धावत आले."

"थर्मामीटर लावून बघितला नव्हता तुम्ही? एवढं साधं?"

"मुठीत धरून बघितलं," मावशी म्हणाली. "आपल्या मुठीत नेमकं किती असतं, हे कोणाला ठाऊक असतं? जो आकडा आला तो मला बरा वाटला." याहून जास्त तिने स्वतःची बाजू मांडली नाही. ताईने पांघरुणातून एकदाच तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण मावशीने ती नजर झेलली आणि मग पिशवी उघडली.

आधी खात्री करायची होती. मोठ्या सिस्टरनी एका मगात कोमट पाणी आणलं. मावशीने पिशवीतून काचेचा जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला. "ह्याला ना चिप, ना सेल. ह्याला खोटं बोलायची अक्कलच नाही." तो मगात बुडवला, शेजारी सिस्टरांचा तथाकथित म्हातारा थर्मामीटर, आणि त्यांच्या मध्ये यंत्राच्या वायरचं टोक. आम्ही सगळे त्या मगावर असे वाकलो होतो जणू त्याच्या तळाशी कोणीतरी बुडालंय.

पारा अडतिसावर थांबला. सिस्टरांचा थर्मामीटरही अडतीस म्हणाला. स्क्रीनवर साडेछत्तीस.

"माझ्या म्हाताऱ्याची माफी मागा सगळ्यांनी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. पण कोणी हसलं नाही, आणि त्याही हसल्या नाहीत. डॉक्टरबाई तडक ताईजवळ गेल्या, पांघरुणात हात घालून बाळाच्या पाठीला लावला, काखेत थर्मामीटर धरला आणि आकडा दोनदा वाचला. "उतरतोय," त्या म्हणाल्या. "औषध थांबवते. पण इतकं लहान बाळ छातीवर असं किती वेळ ठेवणार? घाम आला की गार पडेल. यंत्र लागणारच. होणार आहे का ते नीट?"

मावशी मगाकडे वळली. जो फरक पुसला गेला होता तो परत कुठून आणायचा? तो जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता. तो नव्याने शोधायचा होता. तिने एका मगात कोमट पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याहून गार, आणि दोन्हींत पारा आणि स्क्रीन ताडून बघितले. परत बघितले. पाणी बदलून परत. आकडे तिने हाताच्या तळव्यावर पेनने लिहिले, कारण कागद शोधायचंही तिला सुचत नव्हतं.

मग तिने यंत्राच्या पाठीचे स्क्रू काढले. पिशवीतून लॅपटॉप काढून चिपला त्याच्या चार बारीक वायरी जोडल्या. वायरी जोडताना तिने कोपरं टेबलावर रोवली.

"जावईबापू, प्लगपाशी उभे राहा. कोणी प्लगला हात लावायला आलं तर चावा."

"चावतो," भावजी म्हणाले आणि खरंच पाय रोवून उभे राहिले.

"या वेळी सगळं नाही पुसायचं," ती मला म्हणाली, की स्वतःलाच. "फक्त शेवटचं पान. ते आधी वाचून बाजूला ठेवायचं. त्यात यंत्राने कधी ओरडायचं तेही लिहिलंय, त्याला धक्का लागता कामा नये. फक्त फरकाचे आकडे बदलायचे. मग पुसायचं. मग लिहायचं." तिने शेवटचं पान वाचलं. ते दोनदा वाचून दोन्ही वेळा सारखंच आलं का ते बघितलं. आकडे बदलले. तळव्याशी ताडले. मला तळवा दाखवून म्हणाली, "तू वाच मोठ्याने." मी वाचले. ताईलाही ऐकू जातील इतक्या मोठ्याने.

मग तिने बोट लॅपटॉपच्या कळीवर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

खिडकीबाहेर कुठेतरी कोणी गादी झोडपत होतं, तो आवाज येत होता. ट्यूबलाइट एकदा लुकलुकली आणि आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. आत्ता वीज गेली तर? लहानपणी मी या क्षणाला तिच्याबरोबर श्वास धरायचे तो खेळ होता. आता मला कळलं की ती कधीच खेळत नव्हती. हे पान पुसलं गेलं आणि परत लिहिलं गेलं नाही, तर यंत्र खोटंही बोलणार नाही आणि खरंही. त्याला कधी ओरडायचं तेही कळणार नाही. आणि ताईच्या छातीवरचा तो एवढासा जीव आज रात्री कुठे ठेवायचा?

"मावशी," ताई पलंगावरून म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "दाब ना."

मावशीने कळ दाबली.

पट्टी आली, सरकली, संपली. शेवटचं एकच पान होतं, म्हणून इतकी झटकन, की भीती वाटायलाही पुरता वेळ मिळाला नाही. मावशीने ते पान परत वाचून घेतलं, लिहिलेल्याशी ओळन् ओळ ताडलं, आणि मगच वायरी काढल्या. टोक पुन्हा मगात. पारा सदतीस. स्क्रीन सदतीस. पाणी बदललं. पारा पस्तीस, स्क्रीन पस्तीस. तिने ते टोक स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवलं, बाही वर करून हात तापणाऱ्या दांड्याखाली धरला, काखेत काचेचा थर्मामीटर धरला आणि तशीच वाकून उभी राहिली, कितीतरी वेळ. ऊब वाढली, ऊब कमी झाली. आकडा आपल्या जागेवर राहिला.

"बरोबर आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दिसतंय बरोबर."

"ठेवू का बाळाला?"

मावशीने स्क्रीनकडे परत बघितलं. मी तिला ओळखते. जगात कोणत्याही कुलपावर तिने पहिल्या ओढीत विश्वास ठेवलेला नव्हता, आणि आता ती ज्या यंत्राने तिला एकदा फसवलं होतं त्याच्यापुढे उभी होती. खरं तर यंत्राने नाही, तिच्याच मुठीने. तिने "नाही" म्हटलं असतं तर कोणी दोष दिला नसता. पण "नाही" म्हणून बाळ कुठे ठेवायचं?

"मावशी, तू म्हणशील तसं," ताई म्हणाली. मघाची ती नजर आता तिच्या डोळ्यांत नव्हती, पण माफीही नव्हती. तिला फक्त उत्तर हवं होतं.

"ठेवा," मावशी म्हणाली. "पण काचेचा थर्मामीटर माझ्याकडे राहू द्या. मी इथेच उभी राहते."

बाळाला ठेवलं. टोक पोटावर चिकटवलं. स्क्रीनवर आकडा चढला, थांबला. मावशी सिस्टरांकडून शिकत, चुकत, बाळाच्या काखेत थर्मामीटर धरायला लागली. ज्या बाळांना ती हात लावायला धजत नव्हती, त्यातल्या सगळ्यात लहान बाळाचा हात तिने दोन बोटांत उचलून धरला होता. आकडे जुळत राहिले. तळपायांची लाली हळूहळू गुलाबी झाली. संध्याकाळचं ऊन खिडकीतून पाळण्याच्या काठावर येईपर्यंत बाळाने दूध ओढलं आणि डॉक्टरबाई पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. भावजी अजून प्लगपाशीच होते.

"आता बसा तुम्ही, कोणी चोरत नाही तो," मोठ्या सिस्टर त्यांना म्हणाल्या.

तेव्हाच मावशीने पाळण्याकडे बघत, अगदी खालच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, दुरुस्त करून आणल्यापासून, आमच्या बाळाच्या आधी, ह्यात कोणी होतं का?"

मोठ्या सिस्टर दुपट्याची घडी घालत होत्या. घडी अर्ध्यावर राहिली.

"होतं," त्या म्हणाल्या. "एक मुलगा. त्यालाही..." त्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. "त्यालाही ताप होता. औषध चालू केलं होतं आपण. दुसऱ्या यंत्रात हलवला त्या दिवशी ताप उतरला. आपल्याला वाटलं, औषध लागू पडलं."



"घरी गेला ना?" मावशीने विचारलं. "गेला तेव्हा कसा होता?"

"बरा होता. पण त्यानंतर काही कळलं नाही."

"फोन लावा."

"अहो, आत्ता लगेच कशाला? आपण उद्या..."

"आत्ता लावा, सिस्टर. माझ्यासमोर."

सिस्टरनी नंबर शोधून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. मावशीने पाळण्याची कड धरली होती. तिच्या तळव्यावरचे शाईचे आकडे घामाने फिसकटून निळे झाले होते. रिंग थांबली, आणि पलीकडून आधी कोणाचा आवाज नाही, एका बाळाचं रडणं आलं. खणखणीत, संतापलेलं, कोणालाही दाद न देणारं.

"हॅलो? कोण?" त्या रडण्याच्या वरून एक बाई म्हणाली. "थांबा हं, ह्याला दूध हवंय, ऐकूच येत नाहीये काही."

"रडू दे, रडू दे त्याला थोडं," मावशी पुटपुटली. मी तिला खुर्चीवर बसवलं.

सिस्टर फोनवर सहज चौकशी करायला लागल्या. दूध पितो का, वजन वाढलं का. सगळं छान होतं. डॉक्टरबाईंनी हातानेच खूण केली, आता पुरे. उद्या आपण बोलावून नीट तपासू, मग सांगू. पण मावशीने खुर्चीतून हात पुढे केला. सिस्टरनी आधी फोन दिलाच नाही. मग दिला.

मावशीने तो दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. तिने श्वास घेतला. पलीकडचं बाळ अजून रडत होतं.

"ताई, मला तुम्ही ओळखत नाही," ती म्हणाली. "तुमच्या बाळाला ज्या यंत्रात ठेवलं होतं, ते मी दुरुस्त केलं होतं. जरा ऐकाल का माझं?"